'ढ' हा शिक्का कुणी मारला?



पोस्ट मोठी आहे, तेव्हा निवांत असाल तेव्हाच वाचा.

सध्या शाळेचे रिपोर्ट घरी यायचे दिवस आहेत. गेल्या दोन आठवड्यांत तीन आयांशी माझं एकाच विषयावर बोलणं झालं. एक दुबईची, एक न्यू जर्सीची, एक इथलीच, इंग्लंडमधली. तिघींचं म्हणणं सारखंच. मूल बोलायला चुणचुणीत आहे, गोष्ट सांगितली तर नीट ऐकतं, हजार प्रश्न विचारतं, पण समोर पुस्तक ठेवलं की गप्प होतं. एकीचा मुलगा तर हल्ली स्वतःच म्हणायला लागलाय, 'आय ॲम डम्ब.' म्हणजे आपल्या शाळेत ज्याला आपण 'ढ' म्हणायचो, तेच.

'ढ' या शब्दाची एक गंमत सांगतात. ब्राह्मी लिपीपासून आजपर्यंत बाकीची अक्षरं बदलत गेली, 'ढ' मात्र जवळपास होता तसाच राहिला. म्हणून ज्याच्यात काही केल्या फरक पडत नाही, तो 'ढ'. व्युत्पत्ती खरी असो वा नसो, अर्थ मात्र भयंकर आहे. या मुलात बदल होणार नाही, असं आपण त्याला सांगून टाकतो.

मी शिक्षिका नाही, डॉक्टर नाही. सीए आहे. आकड्यात घोळ दिसला की आम्ही एकच करतो. ती नोंद पहिल्यांदा कुणी केली, कधी केली आणि कशाच्या आधारावर केली, हे मागे जाऊन बघतो. 'वाचता येत नाही म्हणजे डोकं नाही' ही नोंदही कुणीतरी कधीतरी केली असणार. ती शोधायला मी इतिहासात शिरले, आणि जे सापडलं ते तुमच्यापुढे ठेवते आहे.

१. वाचनाचा दर: दोन शिलिंग आठ पेन्स

सुरुवात इंग्लंडमध्ये १८६२ साली. गरिबांच्या मुलांसाठी ज्या शाळा चालत, त्यांना सरकार अनुदान देत असे आणि तो खर्च वाढत चालला होता. शिक्षण खात्याचा कारभार तेव्हा रॉबर्ट लो नावाच्या मंत्र्याकडे होता. त्यांनी नवी नियमावली आणली, 'रिव्हाइज्ड कोड'. तत्त्व साधं होतं. निकाल दाखवा, पैसे घ्या.

हिशेब असा. हजेरीचे दर मुलामागे चार शिलिंग. वरचे आठ शिलिंग परीक्षेवर. सरकारी इन्स्पेक्टर वर्षातून एकदा येणार आणि प्रत्येक मुलाची वाचन, लेखन, गणित अशा तीन विषयांत परीक्षा घेणार. मूल एका विषयात नापास झालं की दोन शिलिंग आठ पेन्स कापले जाणार. तेव्हा एका शिलिंगचे बारा पेन्स होत, त्यामुळे तीन विषयांचे बरोबर आठ शिलिंग भरतात. हिशेबात चूक नाही. पहिल्या इयत्तेला एकावयवी शब्दांचा छोटा उतारा वाचायचा, सहाव्या इयत्तेला वर्तमानपत्रातला परिच्छेद.

हिशेबनीस म्हणून मला हे वाचताना आधी बरंच वाटलं. खर्चाला जबाबदारी लावली, यात वाईट काय? सरकारचे पैसे तर वाचलेच. अनुदानाचा आकडा आठ लाख पौंडांच्या वर होता, तो १८६५ पर्यंत साडेसहा लाखांच्या खाली आला.

पण मुलांचं काय झालं? शिक्षकाचा पगार या अनुदानावर अवलंबून, त्यामुळे वर्षभर एकच वाचनपुस्तक घोकून घेतलं जाऊ लागलं. मुलांना ते इतकं पाठ व्हायचं की पुस्तकाकडे न बघताही ती 'वाचू' शकत. कवी म्हणून आपल्याला माहीत असलेले मॅथ्यू अर्नोल्ड हे पोटापाण्यासाठी शाळा इन्स्पेक्टर होते. त्यांनी आपल्या अहवालांत साफ लिहिलं की नीट तयारी करून घेतली तर मुलं वाचायला न शिकताही वाचनाच्या परीक्षेत पास होऊ शकतात.

म्हणजे रजिस्टरमध्ये 'वाचन: पास', आणि प्रत्यक्षात वाचन नाही. आमच्या भाषेत ही खोटी नोंद. त्याहून वाईट म्हणजे, ज्या मुलाला पाठांतरही जमत नसे, ते शिक्षकाच्या दृष्टीने दोन शिलिंग आठ पेन्सांचं नुकसान होऊन बसलं. त्याच्यावर मेहनत घेण्यापेक्षा पास होऊ शकणाऱ्यावर घेणं परवडायचं. ही पद्धत तीसेक वर्षं चालली आणि १८९० च्या दशकात टप्प्याटप्प्याने बंद झाली.

२. पुण्यातून गेलेलं निवेदन

हीच पद्धत बोटीने आपल्याकडेही आली होती. मुंबई इलाख्यात खासगी शाळांना सरकारी अनुदान मिळायचं ते परीक्षेच्या निकालावर.

१८८२ साली हिंदुस्थानातल्या शिक्षणाची पाहणी करायला हंटर कमिशन आलं. त्याच्यापुढे जोतीराव फुल्यांनी पुण्याहून लेखी निवेदन दिलं. १९ ऑक्टोबर १८८२ अशी त्यावर तारीख आहे. शाळेत आपण या निवेदनाबद्दल एका ओळीत शिकलो, 'प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा अशी मागणी केली', आणि तिथेच थांबलो. मूळ निवेदन कितीतरी जास्त तपशिलाचं आहे. मुलांना काय शिकवावं याची यादी आहे, त्यात मोडी आणि बाळबोध लिहिणं-वाचणं आणि हिशेबसुद्धा आहे. शिक्षक कसा असावा, त्याला पगार किमान किती असावा, हेही आहे.

आणि त्यातच निकालावर पैसे देण्याच्या पद्धतीबद्दल त्यांचं मत आहे. त्याचा सारांश असा: ज्या समाजात शिक्षणाची गोडी अजून निर्माणच झालेली नाही, तिथे या पद्धतीवर शाळा काढायला कुणी शिक्षक धजावणार नाही, कारण त्याचं पोटच भरणार नाही. अशा ठिकाणी गोडी लागेपर्यंत सरकारनेच शाळा चालवायला हव्यात आणि खास उत्तेजन द्यायला हवं.

ही दोन-तीन वाक्यं म्हणजे त्या योजनेचं सगळ्यात नेमकं ऑडिट आहे. निकालावर पैसे दिले की पैसा तिकडेच जातो जिथे निकाल आधीच चांगला आहे. ज्याला सुरुवातीलाच मागे ठेवलंय, त्याच्या वाट्याला शिक्षकच येत नाही. मग तो मागे राहतो, आणि आपण म्हणतो, बघा, ढ आहे.

फुले बोलत होते ते जातीमुळे शाळेबाहेर ठेवलेल्या मुलांबद्दल. तुमच्या-माझ्या परदेशातल्या, दोन पगारांच्या घरातल्या मुलांशी त्याची बरोबरी करायची नाही, तसं करणं अन्यायाचं होईल. पण त्यांनी दाखवलेला नियम प्रत्येक वर्गात लागू पडतो. जो अडखळतो त्याला आधी जास्त द्यावं लागतं, निकाल नंतर येतो.

३. ७४९ गुणिले ८६७

आता परत इंग्लंडला. निकालाची पद्धत मोडीत निघत होती त्याच सुमाराला, १८९६ च्या नोव्हेंबरात, प्रिंगल मॉर्गन नावाच्या डॉक्टरांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक छोटा लेख लिहिला. ससेक्समधल्या सीफर्ड गावचा पर्सी नावाचा मुलगा. वय चौदा. हुशार, खेळात चपळ. सातव्या वर्षापासून शाळा आणि खासगी शिकवण्या चालू, पण वाचता येईना. शब्द पुढे आला की ओळखता येत नसे. स्वतःचं नाव लिहितानासुद्धा अक्षरांची अदलाबदल व्हायची.

मॉर्गननी मग एक महत्त्वाची गोष्ट केली. पर्सीला काय येत नाही हे तपासलंच, पण काय येतं तेही तपासलं. त्याला ७४९ गुणिले ८६७ हे गणित घातलं. त्याने भराभर आणि बरोबर सोडवलं. (उत्तर ६,४९,३८३. मी ताडून बघितलं, सवयच आहे.) नऊ आकडी संख्या तो सहज वाचायचा. म्हणजे डोळे ठीक, बुद्धी ठीक, आकड्यांची चिन्हंही ओळखता येतात. अडतं ते फक्त लिहिलेल्या शब्दापाशी. त्याला काही वर्षं शिकवलेल्या मास्तरांचं तर म्हणणं होतं की सगळं शिक्षण तोंडी असतं तर हा शाळेतला सगळ्यात हुशार मुलगा ठरला असता.

मॉर्गननी याला 'जन्मजात शब्दांधत्व' म्हटलं. आज आपण डिस्लेक्सिया म्हणतो. तो शब्द १८८७ साली रुडॉल्फ बर्लिन नावाच्या जर्मन डॉक्टरांनी मोठ्या माणसांच्या बाबतीत वापरला होता, मुलांना तो नंतर लागला.

आमच्या धंद्यात एक साधा नियम आहे. एकूण बेरीज जुळत नसेल तर सगळी वही फेकून देत नाहीत, कुठल्या खात्यात फरक आहे ते शोधतात. पर्सीच्या बाबतीत पहिल्यांदाच कुणीतरी खाती वेगळी केली. वाचनाचं खातं वेगळं, बुद्धीचं वेगळं.

ग्लासगोचे डोळ्यांचे डॉक्टर जेम्स हिन्शेलवुड यांनी पुढे वीसेक वर्षं अशाच मुलांचा अभ्यास केला. १९१७ साली त्यांचं पुस्तक आलं. त्यांचा सल्ला आजही कामाचा आहे. अशा मुलाला वर्गात सगळ्यांसमोर न शिकवता एकट्याला शिकवा, थोडा थोडा वेळ शिकवा, पण वारंवार शिकवा.

४. गिरवणं

यानंतरचा टप्पा अमेरिकेतला. १९२० च्या दशकात आयोवा राज्यात सॅम्युअल ऑर्टन नावाचे मेंदूविकारतज्ज्ञ गावोगावच्या शिक्षकांना सांगत, तुमच्या वर्गातली 'मंद' वाटणारी मुलं माझ्याकडे तपासायला पाठवा. त्यातल्या बऱ्याच मुलांची बुद्धी साधारण किंवा त्याहून चांगली निघाली. घोटाळा वाचनापुरता होता. १९२५ साली त्यांनी हे छापलं.

हे का होतं याबद्दल ऑर्टननी जी उपपत्ती मांडली ती पुढे टिकली नाही. १९७० च्या दशकापासूनच्या संशोधनाने दाखवलं की बहुतेक मुलांची अडचण डोळ्यांत नसून आवाजात असते. बोललेल्या शब्दातले सुटे ध्वनी वेगळे ओळखणं आणि ते अक्षरांना जोडणं त्यांना जड जातं. पण ऑर्टनच्या सोबत काम करणाऱ्या अ‍ॅना गिलिंगहॅम आणि बेसी स्टिलमन या दोन शिक्षिकांनी १९३० च्या दशकात शिकवण्याची जी पद्धत बसवली, तिचा गाभा राहिला. अक्षर बघायचं, त्याचा आवाज मोठ्याने म्हणायचा, तो कानांनी ऐकायचा आणि बोटाने अक्षर गिरवायचं, सगळं एकदम. एक पायरी पक्की झाली की दुसरी, गाळायची एकही नाही.

हे वाचून तुम्हालाही धुळपाटी आठवली असेल. आपल्या पंतोजींच्या शाळेत मुलं पाटीवर धूळ पसरून बोटाने अक्षरं काढायची, तोंडाने म्हणत म्हणत. 'गिरवणं' हा शब्द आपल्याकडे उगाच नाही. आपल्याकडे सगळं आधीच होतं असा माझा दावा नाही. पंतोजींच्या शाळेत छडीही होती आणि अर्धा समाज त्या शाळेच्या दाराबाहेर होता. पण हात, कान आणि तोंड एकत्र आलं की अक्षर बसतं, हे आपल्या आजीलाही माहीत होतं. घरी करायला लाजण्यासारखं त्यात काही नाही. ताटात रवा पसरा आणि बसा.

५. शाळाच अंगणात नेली

फुल्यांनी ज्या गोडीबद्दल लिहिलं होतं ती लावायची कशी, याचं उत्तर महाराष्ट्रात दोन बायकांनी दिलं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. १९४५ साली बोर्डीला त्यांचं काम सुरू झालं, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आजूबाजूला वारल्यांचे पाडे. मुलं शाळेत येईनात. आईबाप कामावर, मोठं मूल धाकट्याला सांभाळणार किंवा गुरं राखणार.

या मुलांना शिकायचंच नाही, अशी नोंद करून त्या मोकळ्या होऊ शकल्या असत्या. त्यांनी उलट केलं. शाळाच पाड्यावर, घरांच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा आज देशभर वापरला जाणारा शब्द त्या प्रयोगातून आला. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरवली, कुरणशाळा. साधनं म्हणून बिया, पानं, शिंपले, काड्या, म्हणजे जे मुलाच्या हातात आधीपासून होतं ते. आधी आंघोळ, केस विंचरणं, गाणी, गप्पा. अक्षरं मग.

आत्मविश्वास वाढवा, आत्मविश्वास वाढवा असं आपण सारखं ऐकतो. मला कोसबाडवरून समजलेला त्याचा अर्थ असा, की मुलाला जे येतं तिथून सुरुवात करायची. शाबासकी वरून चिकटवता येत नाही. हाताला काहीतरी खरंच जमलं की ती आपोआप लागू पडते.

६. 'घरी मराठी बोलू नका'

आता आपल्या, परदेशातल्या पालकांच्या खास दुखण्याकडे येते. मूल वाचनात मागे पडलं की कुणी ना कुणी सुचवतं, घरात दोन भाषा आहेत म्हणून गोंधळ होतोय, काही दिवस मराठी बंद ठेवा. मला ओळखीच्या किमान चार घरांतून हे ऐकायला मिळालं आहे.

या नोंदीचा उगमही शोधता येतो. १९२३ साली वेल्समध्ये डी. जे. सेअर यांनी शाळकरी मुलांच्या बुद्धिचाचण्या घेतल्या. खेड्यातली वेल्श आणि इंग्रजी बोलणारी मुलं एकभाषी मुलांपेक्षा मागे दिसली, आणि दुसरी भाषा डोक्यावर ओझं टाकते या समजाला आधार मिळाला. गंमत म्हणजे त्याच अभ्यासात शहरातल्या मुलांमध्ये तसा फरक दिसला नव्हता. म्हणजे भाषेपलीकडे काहीतरी कारण असणार, पण ते कोण बघतो! त्या काळातल्या अशा पुष्कळ अभ्यासांत घरची परिस्थिती, शाळेचा दर्जा, चाचणीची भाषा यांचा हिशेबच नीट धरलेला नसे. दोन वेगळ्या धंद्यांचे ताळेबंद शेजारी ठेवून नफा मोजण्यासारखंच ते.

१९६२ साली कॅनडात मॉन्ट्रियलला एलिझाबेथ पील आणि वॉलेस लॅम्बर्ट यांनी दहा वर्षांच्या मुलांचा अभ्यास केला. फ्रेंच आणि इंग्रजी दोन्ही चांगलं येणारी मुलं एकीकडे, फक्त फ्रेंच येणारी दुसरीकडे, आणि घरची आर्थिक स्थिती सारखी धरलेली. द्विभाषी मुलं बऱ्याच चाचण्यांत पुढे निघाली. त्यांच्या मुलं निवडण्याच्या पद्धतीवरही पुढे प्रश्न विचारले गेले, आणि ते योग्यच होते. पण घरची भाषा बुद्धीला मारक आहे, हे म्हणणं त्यानंतर पहिल्यासारखं उभं राहू शकलं नाही.

आपल्यासाठी याचा अर्थ काय? दोन भाषांमुळे डिस्लेक्सिया होत नाही. आणि उलटंही लक्षात ठेवा. 'दोन भाषा आहेत, येईल हळूहळू' असं म्हणून खरी अडचण दोन-तीन वर्षं झाकली जाते, हेही होतं. मूल मराठीतही अक्षर आणि आवाज जोडायला अडखळत असेल, शब्दांची यमकं ओळखायला, शब्द तोडून म्हणायला त्याला जड जात असेल, तर ते शाळेला आवर्जून सांगा. मराठीत अक्षर तसा उच्चार असल्यामुळे चुका कमी दिसतात, पण वाचन फार सावकाश होतं. त्या सावकाशीकडे लक्ष ठेवा. आणि घरातल्या मराठी गोष्टी बंद करू नका. डोळ्यांनी वाचता येत नाही तोवर शब्दसंपत्ती कानांनीच वाढते.

७. कायदे, चाचण्या आणि चक्रवाढ व्याज

एवढं सगळं माहीत झालं, तरी शाळांनी ते मान्य करायला बराच काळ गेला. अमेरिकेत १९७५ साली कायदा झाला आणि अशा मुलांसाठी वैयक्तिक शिक्षण आराखडा, म्हणजे आयईपी, हा हक्क झाला. ब्रिटनमध्ये १९७२ साली डिस्लेक्सिया असोसिएशन उभी राहिली, १९७८ चा वॉर्नॉक अहवाल आला आणि त्यावर १९८१ चा शिक्षण कायदा. मुंबईत १९९६ साली महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन सुरू झाली. २००७ मध्ये 'तारे जमीं पर' आला आणि घराघरात हा शब्द पोचला. भारताच्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात शिकण्यातल्या विशिष्ट अडचणींना जागा मिळाली.

वाचन कसं शिकवावं याचीही मोठमोठी भांडणं झाली. त्यातून २००० साली अमेरिकेत नॅशनल रीडिंग पॅनेल आणि २००६ साली इंग्लंडमध्ये रोझ अहवाल, दोघेही साधारण एकाच ठिकाणी पोचले. अक्षर आणि आवाज यांचं नातं क्रमाने आणि स्पष्टपणे शिकवलं पाहिजे. मूल अंदाजाने उचलेल असं गृहीत धरू नका.

इंग्लंडमध्ये २०१२ पासून इयर वनच्या मुलांची फोनिक्स चाचणी होते. चाळीस शब्द. त्यातले वीस खोटे, म्हणजे ज्यांना काही अर्थ नाही असे. इथले पुष्कळ पालक विचारतात, हा काय वेडेपणा? १८६२ आठवा. अर्थ नसलेला शब्द पाठ करता येत नाही, तो वाचावाच लागतो. दीडशे वर्षांनी का होईना, ती खोटी नोंद बंद करायची सोय केली. म्हणून कृपा करून त्या खोट्या शब्दांच्या याद्या आणून मुलांकडून घोकून घेऊ नका. तसं केलं तर आपण रॉबर्ट लोच्या काळात परत जातो, तेही स्वखर्चाने.

घाई का करायची, याचं कारण कीथ स्टॅनोविच या अभ्यासकांनी १९८६ च्या एका लेखात मांडलं. ज्याला वाचायला येतं तो जास्त वाचतो, त्यामुळे शब्द वाढतात, त्यामुळे आणखी वाचतो. ज्याला येत नाही तो टाळतो, आणि अंतर वाढत जातं. आपल्याला हे शिकवायला नको. हे चक्रवाढ व्याज आहे, आणि ते कर्जावरही लागतं. सहाव्या वर्षीची छोटी थकबाकी दहाव्या वर्षी डोंगराएवढी दिसते. मुलाला ती फेडता येण्यासारखी वाटतच नाही, मग ते म्हणतं, मी ढ आहे.

८. मग आपण काय करायचं?

या इतिहासातून मी माझ्यापुरते काढलेले मुद्दे लिहिते.

निकाल मागू नका, तपशील मागा. 'वाचनात मागे आहे' एवढ्यावर शिक्षकांना सोडू नका. विचारा: सुटी अक्षरं आणि त्यांचे आवाज येतात का? आवाज जोडून शब्द होतो का? शब्द येतो पण वेग नाही का? की वाचतो पण अर्थ लागत नाही? चारही अडचणी वेगळ्या आहेत आणि त्यांची उत्तरंही वेगळी आहेत.

घरी पर्सीची चाचणी करा. एक उतारा तुम्ही वाचून दाखवा आणि प्रश्न विचारा. ऐकून उत्तरं बरोबर येत असतील आणि स्वतः वाचून येत नसतील, तर फरक कुठल्या खात्यात आहे ते कळलं. हे निदान नाही, पण शाळेत सांगायला ठोस गोष्ट मिळते. त्याआधी डोळे आणि कान तपासून घ्या.

लेखी मागा. इंग्लंडमधल्या शाळेत सेन्को म्हणून नेमलेली व्यक्ती असते, तिला ईमेल करा. मदत सुरू होण्यासाठी डिस्लेक्सियाचं सर्टिफिकेट आधी हवं, असा नियम नाही. अमेरिकेतल्या सरकारी शाळेत तपासणीची विनंती लेखी करता येते आणि तिचा खर्च पालकांवर नसतो. गल्फमध्ये शाळेगणिक फरक आहे, म्हणून प्रवेश घेतानाच विचारा आणि उत्तरही लेखी घ्या. तारीख असलेला कागद बोलतो, हे मी तुम्हाला अनुभवाने सांगते.

रोज दहा-पंधरा मिनिटं, पण रोज. रविवारी दोन तास बसवून रडवण्यापेक्षा हिन्शेलवुडचं ऐका. बहीण-भाऊ समोर नकोत, चुलत भावाचं उदाहरण नको, आणि व्हिडिओ कॉलवर आजीला वाचून दाखवायची सक्ती तर नकोच. आजीला गोष्ट तोंडी सांगू दे.

कौतुक नेमकं करा. 'किती हुशार आहेस' या वाक्यावर अडखळणारं मूल विश्वास ठेवत नाही. 'काल या शब्दाला तू थांबला होतास, आज सरळ वाचलास' यावर ठेवतं, कारण ते खरं असतं आणि त्याने स्वतः बघितलेलं असतं. एका छोट्या वहीत तारीख टाकून अशा गोष्टी लिहून ठेवा. महिन्याने दोघांनी मिळून वाचा.

पर्सी मंद नव्हता. आयोवातली बरीचशी मुलं मंद नव्हती. पाड्यावरची मुलं तर कधीच नव्हती. दर वेळी मोजणाऱ्याने एकच आकडा पाहिला आणि मुलाच्या नावापुढे शिक्का मारला. आणि दर वेळी कुणीतरी शेजारी बसून विचारलं, 'नेमकं कुठे अडतंय?', तेव्हा गाडी पुढे सरकली. तो प्रश्न विचारायला ना डॉक्टर असावं लागतं, ना शिक्षक. आई किंवा बाबा असणं पुरतं.

तुमच्या देशात, तुमच्या गावात शाळा याबाबतीत काय करते, कुणाशी बोलावं लागतं, किती दिवस लागतात, हे खाली जरूर लिहा. मुलाचं आणि शाळेचं नाव न लिहिता लिहा. कुणाच्या तरी घरी आज रात्री त्याची गरज असेल.